पुसलेला ठिपका

३ जून, सोमवार

नवी आली. तशी ती शनिवारीच आली होती म्हणा, भोंग्याच्या तोंडातून! मी घरी निघाले तर काउंटरवरून हाक — "ताई, सोमवारी येतेय ती साधीसुधी नाही हं. आधीच्या लॅबमध्ये काहीतरी भानगड करून आलीय." कसली भानगड? "ते कळेलच. माझ्या जावेची बहीण तिथेच काउंटरला होती." आमची भोंगा म्हणजे नमुने घेणारी, पावत्या फाडणारी बाई. आवाज दोन मजले जातो आणि तोंडात तीळ भिजत नाही. खरं नाव सगळे विसरलेत, बहुधा तीही.

तर ती 'काहीतरी भानगड' आज सकाळी दारात उभी. तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. "नमस्कार ताई" म्हणाली आणि गप्प. तिला भिंतीकडचं मायक्रोस्कोप दिलं. खिडकीजवळचं माझं, अठ्ठावीस वर्षं माझं.

फार बोलत नाही. का बोलेल?

५ जून, बुधवार

हात चांगला आहे, हे लिहायला हवं. काच सरकवते ती एका लयीत, घाई नाही. पण दर स्लाइडला माझ्यापेक्षा चार मिनिटं जास्त! एवढं काय बघायचं असतं? भोंगा म्हणते, "दुधाने तोंड पोळलंय तिचं." असेल.

१४ जून, शुक्रवार

आज भानगडीला नाव मिळालं. चहाच्या वेळी भोंगा खुर्ची ओढून बसली. "रिपोर्ट चुकला होता, ताई! बायकांच्या कॅन्सरच्या तपासणीचा. पेशी बिघडलेल्या होत्या आणि वर 'सगळं ठीक' लिहून गेलं."

आमच्या धंद्यात याहून वाईट काही नाही. रक्त चुकलं तर पुन्हा काढता येतं. पण ज्या बाईला तुम्ही 'ठीक' म्हणून घरी पाठवलंत, ती पुन्हा येतच नाही — येते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तर आपल्याकडे प्रत्येक स्लाइड दोघी वाचतात. पहिली बाई संशयाच्या पेशीशेजारी काचेवर पेनाने ठिपका देते, आपलं मत कागदावर लिहून पाकिटात घालते. मग ठिपका स्पिरिटने पुसायचा आणि स्लाइड दुसरीकडे द्यायची. पहिलीने काय पाहिलं हे दुसरीला कळता कामा नये. कळलं की डोळा तिथेच जातो, किंवा मुद्दाम जात नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांनी घालून दिलेला नियम. मी अठ्ठावीस वर्षं पाळला.

"मग हिला काढलं कसं नाही? नोकरी सोडून आलीय म्हणे," मी विचारलं. भोंग्याने खांदे उडवले. मी म्हटलं, "हाताखालच्या एखाद्या पोरीवर ढकललं असेल. नाहीतर अशी सुटते का कोणी?"

भोंगा म्हणाली, "हो ना!"

२१ जून, शुक्रवार

बघ! मला वाटलंच होतं. भोंग्याने आज पक्की बातमी आणली — हाताखालच्या मुलीवर ढकललं! ती बिचारी घरी बसली आणि ही बाई सुखरूप इकडे. आणि दिवसभर कशी मान खाली घालून बसते, जणू काही झालंच नाही.

मला वाटलं ते बरोबर निघालं, याचं बरंही वाटलं जरा. माणूस ओळखता येतं मला.

२ जुलै, मंगळवार

साहेबांनी आत बोलावलं. आताचे साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. हुशार आहेत, पण बोलण्याने हलतात. "ताई, तिच्याबद्दल कानावर येतंय ते तुम्हालाही माहीत असेल." म्हटलं, आहे. "सहा महिने कच्ची आहे ती. नोव्हेंबरअखेर पक्की करायची की नाही हे मी तुमच्या शब्दावर ठरवणार. तोवर तिच्या सगळ्या स्लाइड तुम्हीच वाचा. आणि ठिपके पुसू नका. ती काय धरते, काय सोडते ते कळू दे."

मी म्हटलं, "नियम आहे साहेब, न पुसता —"

"तिच्यापुरतंच हो."

तिच्यापुरतंच! आणि मी मान डोलावली. खोटं कशाला लिहू, कागदच आहे — मला मोठेपणा वाटला. कोणाची नोकरी आपल्या शब्दावर असणं ही सवय नाही मला.

तिचं पेन हिरवं आहे. बारीक बारीक ठिपके देते, मोहरीएवढेही नाहीत.

९ जुलै, मंगळवार

आज आले तर माझ्या मायक्रोस्कोपखाली लाकडाची फळी. दोन बोटं जाड, कडा घासून गुळगुळीत केलेली. नवी म्हणाली, "तुम्ही मान फार वाकवता, ताई. तीन दिवस बघतेय, हात मानेवर जातो तुमचा. उंच केलं की बरं वाटेल."

बरं वाटलं खरं. दुपारपर्यंत मान दुखली नाही.

मग लक्षात आलं — हिला कळलंय! माझ्या शब्दावर आहे हे कळलंय, म्हणून हे लोणी. भोंग्याला सांगितलं तर ती हसली, "तिथेही अशीच होती म्हणे. गोडगोड." फळी काढून कपाटावर टाकली. मान दुखतेय.

१२ जुलै, शुक्रवार

आज पाच ठिपके, एकातही दम नाही. साध्या सुजेच्या पेशी. माझ्या कागदावर पाचही खोडले.

१९ जुलै, शुक्रवार

नवी पाचच्या ठोक्याला निघते. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आज भोंगा तिच्या पाठीवर म्हणाली, ऐकू जाईल असं, "कोण वाट बघतंय देव जाणे!" मी हसले. मोठ्याने हसले. नवीची पाठ जराशी ताठ झाली आणि ती जिना उतरून गेली.

घरी येताना ते हसू आठवत राहिलं. मला बोलायचा अधिकार आहे का? मी वरची जागा घेतली तेव्हा माझ्याबद्दल काय बोलत होते? 'म्हाताऱ्या डॉक्टरांनी उगाच नाही दिली तिला ती खुर्ची.' तेवढंच वाक्य. कोणी पाहिलं नव्हतं, पाहण्यासारखं नव्हतंच काही. डॉक्टर मला स्लाइड शिकवायचे, संध्याकाळी उशीर व्हायचा. ते वाक्य फिरत फिरत माझ्या नणंदेकडे गेलं, तिने ते भावाच्या कानात घातलं. ह्यांनी मला कधी विचारलं नाही. भांडलेही नाहीत. फक्त मी दार उघडलं की आधी घड्याळाकडे बघायचे, मग माझ्याकडे. अकरा वर्षं. जायच्या आदल्या आठवड्यात, अंथरुणातून मान वळत नव्हती तरी, मी आत आले तेव्हा आधी घड्याळ!

एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्या नणंदेला मी आजतागायत माफ केलेलं नाही आणि करणार नाही.

२० जुलै, शनिवार

काल लिहिलेलं वाचलं. माझी गोष्ट वेगळी. माझ्याबद्दल बोलायचे ते खोटं होतं.

८ ऑगस्ट, गुरुवार

डोकं तापलंय. लिहून मोकळी होते.

एक्केचाळीस वर्षांची बाई, फॉर्मवर कामाच्या जागी 'शिवणकाम'. नेहमीची तपासणी. नवीचे तीन हिरवे ठिपके. मी तिन्ही बघितले. पहिल्यापाशी काही नाही. दुसऱ्यापाशी चार पेशींचा पुंजका, गाभे जरा काळे, पण सूज असली की होतात तसे. तिसरा तर काहीच्या काहीच. आठवडाभरात तिचे किती ठिपके खोडलेत मी! हिला सगळीकडे तेच दिसतं. एकदा अंगाशी आलंय ना, आता सावलीला भिते. मी लिहिलं — 'सूज. बाकी ठीक.'

नवी माझ्या टेबलापाशी आली. पहिल्यांदाच. "ताई, पाकीट उघडलं साहेबांनी. मतं वेगळी आलीत. तुम्ही एकदा परत बघाल? दोन नंबरचा ठिपका. मला ती सूज वाटत नाही."

मी म्हटलं, "तू किती वर्षं बघतेस?"

"सात."

"मी अठ्ठावीस."

"हो ताई. पण एकदा बघा ना." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं! तो शांतपणा नाकाला असा झोंबला — जिने एक बाई घालवली ती मला शिकवणार? (भोंगा म्हणाली होती गेल्या आठवड्यात, त्या चुकलेल्या रिपोर्टवाली बाई दगावली म्हणून.) ती वळली तशी मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि तिन्ही ठिपके पुसून टाकले.

मग साहेब आले. दोघांनी मिळून बघायच्या मायक्रोस्कोपला एका बाजूने मी, एका बाजूने ते. काच मी फिरवली. मी जिथे नेली तिथे त्यांनी बघितलं. "काही नाही ना ताई?" "काही नाही साहेब. भीतीने बघते ती." अर्ध्या मिनिटात उठले.

नवीने विचारलं, "ठिपके कुठे गेले?"

मी म्हटलं, "दुसऱ्या वाचनाआधी पुसायचे असतात. नियमच आहे तो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कागद चाळले.

९ ऑगस्ट, शुक्रवार

साहेबांनी तिच्याकडून नवा कागद लिहून घेतला. "फाइलला दोन मतं नकोत, उगाच गोंधळ. तूही 'ठीक' लिही आणि सही कर." ती थोडा वेळ उभी राहिली पेन हातात धरून. मग लिहिलं. जुना कागद साहेबांनी फाडला.

खात्री असती तर लिहिलं असतं का? मी मेले तरी लिहिलं नसतं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

हल्ली नवी ठिपके देतच नाही. फक्त कागदावर जागा लिहिते, आकड्यांत. किती हा ताठा!

१२ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांना लेखी मत दिलं. "कामात नियमित. मात्र भीतीमुळे नको तिथे संशय घेते. सतत लक्ष ठेवावे लागेल." तीन ओळी. चार वेळा लिहून फाडल्या होत्या, तरी तीनच.

रात्रीचं जेवण झाल्यावर लेकीला सांगितलं. ती शाळेत शिकवते, तिला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. "तिथे नक्की काय झालं होतं, आई? तुला कोणी सांगितलं?" भोंग्याने. "तिला?" जावेच्या बहिणीने. "आणि ती जावेची बहीण स्लाइड वाचते?" मी म्हटलं, तुझी उलटतपासणी पुरे. ताट उचलून आत गेले. मोठी आली वकील!

७ ऑक्टोबर, सोमवार

नवीला सर्दी झालीय. सगळ्यांपासून लांब बसून डबा खाते. तशी रोजच लांब बसते. आपण तिला कधी बोलावलं होतं का, हे आठवून बघितलं. नाही आठवलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शिवणकामवाली परत आली.

मी नाव नाही ओळखलं, नंबर ओळखला. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी घेऊन आली होती — तीन महिन्यांपूर्वीची स्लाइड पुन्हा तपासणीसाठी द्यावी. म्हणजे त्यांना तिकडे काही सापडलंय. काउंटरपाशी उभी होती, पिशवीचे बंद दोन्ही हातांत घट्ट धरून. बोटांना सुयांनी टोचल्याच्या खुणा. चेहरा पिवळा पडलेला. मला म्हणाली, "तुम्ही 'ठीक' लिहिलं होतंत ना? मग मी दुखण्याकडे लक्षच दिलं नाही."

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती. मी तिच्यासाठी खुर्ची आणली. अठ्ठावीस वर्षं शिकलेलं सगळं घेऊन मी तिच्यासाठी एक खुर्ची आणली!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

खोक्यातून स्लाइड काढली. साहेब शेजारी. काचेवर ठिपके नाहीत, मीच पुसले होते. तरी तीन मिनिटांत सापडलं. दोन नंबरच्या जागी. चार पेशी. गाभे काळे, कडा फाटल्यासारख्या वेड्यावाकड्या. शिकाऊ पोरीलाही दिसलं असतं. मला दिसलं नव्हतं, कारण मी पेशी बघतच नव्हते. मी तिला बघत होते.

साहेब म्हणाले, "हं."

तिचं ऑपरेशन आता मोठं होईल. ऑगस्टमध्ये लहान झालं असतं. जीव वाचेल असं म्हणतायत.

२० नोव्हेंबर, बुधवार

एक दिवसही लागला नाही. भोंगा तळमजल्यापासून गच्चीपर्यंत — "परत तेच! मी म्हणत नव्हते? तिकडे एक, इकडे एक!" फाइलमध्ये पहिलं वाचन नवीचं, खाली तिची सही — 'ठीक'. कोणी दुसऱ्या सहीपर्यंत जातच नाही. दुसरी सही माझी आहे आणि ती फाइलमध्ये सगळ्यांसमोर आहे, पण ती दिसत नाही कोणाला! मला बघून उलट सगळे हळहळतात. "तुम्ही तरी किती ठिकाणी लक्ष देणार, ताई?"

नवी जागेवर बसून स्लाइड वाचत होती. जिन्यावरून सगळं ऐकू येत होतं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, हे बरोबर नाही. तिने धरलं होतं. मी पुसलं.

ते कागद नीट करत राहिले. "ताई, बसा. तुमची तीन वर्षं राहिलीत. आणि मी तो कागद बदलून घेतला, ते तुम्हाला माहीत आहे. उघडायला गेलं तर सगळंच उघडेल. लॅब बंद पडेल, चौदा माणसं आहेत. तिला तसंही नाही ठेवता येणार, बोलणं आधीच इतकं आहे."

मी बसले. मग उठले. बाहेर येऊन मूग गिळून बसले. भित्री कोण, ते कळलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ही वही मागे चाळली. जून महिना.

चौदा तारखेला मी म्हटलंय — ढकललं असेल एखाद्या पोरीवर. एकवीस तारखेला भोंग्याने तेच आणलंय, पक्की बातमी म्हणून. मधे सात दिवस. ते माझंच वाक्य होतं! मीच सोडलेलं, गल्ली फिरून माझ्याच दारात आलं आणि मी त्याला पाट मांडला. वर लिहिलंय, 'माणूस ओळखता येतं मला.' स्वतःचं अक्षर इतकं किळसवाणं कधी वाटलं नव्हतं.

नणंदेचं तोंड आठवलं. तीही मनात म्हणत असेल, मी फक्त मला वाटलं ते बोलले.

३० नोव्हेंबर, शनिवार

नवीचा शेवटचा दिवस. निरोप वगैरे काही नाही. भोंगा काउंटर सोडून हलली नाही, पण कान इकडेच. नवीने टेबल स्पिरिटने पुसलं, हिरवं पेन पिशवीत टाकलं.

मी दार लोटून घेतलं. म्हटलं, "चूक माझी होती." ती म्हणाली, "माहीत आहे." एवढंच. मग मी विचारलं, सहा महिन्यांनी, सगळं झाल्यावर विचारलं — "आधीच्या ठिकाणी नक्की काय झालं होतं?"

तिला आधी कळलंच नाही. "कशाचं काय?"

"तू सोडलंस ते. का सोडलंस?"

"वडील पडले होते, ताई. कंबर मोडली. घरी दुसरं कोणी नाही. आठ महिने त्यांच्यापाशी होते. आता शेजारच्या मावशी पाचपर्यंत बसतात, म्हणून पाचला निघावं लागतं."

"आणि चुकलेला रिपोर्ट?"

"चुकला होता ना. मी सोडल्यावर, चार महिन्यांनी. कोणाच्या हातून ते मला माहीत नाही." पिशवी खांद्याला लावली. "हे विचारायचं होतं होय सगळ्यांना? मला वाटायचं, माझ्या अंगालाच वास येतो की काय."

मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला, पण नुसता धरू दिला. मग पिशवी सावरत निघून गेली. मी तिला थांबवलं नाही. थांबवून काय देणार होते?

४ डिसेंबर, बुधवार

लेकीला सगळं सांगितलं. ठिपक्यासकट. तिने या वेळी उलटतपासणी केली नाही. शेवटी म्हणाली, "आई, आता रडून कोणाला काय? तिला दुसरीकडे नोकरी लागायला हवी. कोणी विचारलं तर खरं सांगशील?"

सांगेन. साहेब गेले खड्ड्यात, माझी तीन वर्षंही गेली. एवढं तरी करीन. आंघोळ करतानासुद्धा वाक्य घोकते — 'तिने बरोबर धरलं होतं, मी चुकले.' आठ-नऊ शब्दसुद्धा नाहीत. पण तोंडातून बाहेर पडताना जीभ अडखळते.

९ डिसेंबर, सोमवार

दुसऱ्या एका लॅबमधून फोन. भोंगा दहा मिनिटं बोलली, मग मला दिला. तिकडची मोठी ताई होती, माझ्याच वयाची वाटली. "तुमच्याकडची एक मुलगी आलीय नोकरीला. काय करू?"

सांगितलं. सगळं. तिने धरलं होतं, ठिपके मी पुसले, कागद नंतर बदलला, चूक माझी. जीभ एकदाही अडखळली नाही.

मग ती हळूच म्हणाली, "किती सांभाळून घेता हो तुम्ही! तिच्या पोटावर पाय नको म्हणून स्वतःवर घेताय. आत्ताच तुमच्या काउंटरच्या बाई सांगत होत्या, आमच्या ताईंचं मन फार मोठं. काळजी करू नका, समजलं मला काय समजायचं ते."

मी "अहो, ऐका —" म्हणेपर्यंत फोन ठेवलेला होता.